न अडलेल्या तारखा

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला, आणि तोही मी स्वतः मागून घेतला. लोक निवृत्तीला शाल आणि नारळ घेऊन घरी जातात, मी त्यांच्याबरोबर मेमोही घेऊन गेलो. कार्यालयातलं कुणी भेटलं की अजून विचारतं, श्यामकांतजी, क्या जरूरत थी? जरूरत काय होती ते मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. हिंदीत बोलायला लागलो की माझा राग नीट बाहेर पडत नाही, उगाच सभ्य वाटतो. आणि या सगळ्यात राग पुष्कळ आहे. बराचसा माझाच माझ्यावर.

मी दिल्लीत एका केंद्रीय कार्यालयात सेक्शन ऑफिसर होतो. कुठल्या, ते जाऊ दे. या कार्यालयाची आर. के. पुरममध्ये स्वतःची काही क्वार्टर्स आहेत. त्यातलं एखादं रिकामं झालं की ज्याचा अर्ज सगळ्यात जुना, त्याला ते मिळतं. कोण कुणाच्या ओळखीचा, कुणाला किती गरज, काही बघायचं नाही. अर्ज ज्या दिवशी आला ती तारीख बघायची, बस. माणसं सहा-सहा वर्षं त्या एका तारखेच्या जिवावर भाड्याच्या खोल्यांत काढतात. आणि ती यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं.

मी नीटनेटका माणूस आहे. हे मी नाही म्हणत, हेमलता म्हणते, आणि बायको हे कौतुकानं म्हणत नसते. माझ्या फायलींची दोरीसुद्धा एका बाजूलाच लोंबते. यादी म्हटली की तिचं मिलान झालंच पाहिजे, हा माझा शिरस्ता. मिलान म्हणजे एकानं मूळ रजिस्टर मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं यादीवर एकेका ओळीला खूण करत जायचं. कंटाळवाणं काम आहे. पण नवीन पोरं हसायची तरी मी तीस वर्षं ते करून घेतलं, आणि त्या तीस वर्षांत माझ्या यादीवर एक आक्षेप आला नाही.

गेली काही वर्षं माझ्यासमोर बसून रजिस्टर वाचायची ती देवयानी. शेजारच्या सेक्शनमधली स्टेनो, बार्शीकडची. वडील लहानपणीच गेलेले, भाऊ नाही, आई विठाबाई तिच्याजवळच. मला काका म्हणते. मुलगी इतकी हळू बोलते की वाचताना मला दर दोन ओळींनी "जरा जोरात" म्हणावं लागायचं. दोघी मुनीरकामध्ये चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहतात. लिफ्ट नाही, जिना इतका चिंचोळा की समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. गेल्या ऑक्टोबरात विठाबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण जिना कायमचा सुटला. तेव्हापासून त्या दोनदा खाली उतरल्या, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी, आणि दोन्ही वेळा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खालच्या भाजीवाल्यानं आणि त्याच्या भावानं त्यांना उचलून नेलं. दुसऱ्या खेपेला वळणावर खुर्ची कलली. त्यानंतर विठाबाई म्हणाल्या, आता मी मेल्यावरच उतरवा.

जानेवारीच्या शेवटी आमचं एक तळमजल्याचं क्वार्टर रिकामं झालं. दारापर्यंत एकही पायरी नाही. घरी आम्ही धरूनच चाललो होतो की या वेळी देवयानीचा नंबर लागेल, नाहीतर अगदी जवळ तरी असेल.

त्याच महिन्यात आमच्याकडे नवे कॉम्प्युटर आले. ठेकेदाराची माणसं आली, खोकी फोडली, वायरी जोडल्या आणि चहा पिऊन गेली. मी जुन्या मशीनवरची यादी नव्यावर आणली. एकशे बेचाळीस नावं. उघडून बघतो तर तारखांच्या रकान्यात गोंधळ. निम्म्याहून जास्त तारखा डाव्या कडेला चिकटलेल्या, बाकीच्या उजव्या कडेला. तारखेच्या क्रमानं लावायला गेलो तर उजवीकडच्या शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि डावीकडच्या सगळ्या खाली ढिगारा करून पडल्या. पंचवीस जून, सोळा मार्च, तीस नोव्हेंबर, सगळ्या अडून बसलेल्या. मी पुन्हा टाइप केल्या, तरी तेच. शेवटी वैतागून एक तारीख उलटी टाइप केली, आधी महिना आणि मग दिवस. तर लगेच उजवीकडे जाऊन बसली. अच्छा, म्हटलं, तुला असं पाहिजे होय.

मग मी तीन दिवस बसून अडलेली एकूण एक तारीख तशी पुन्हा टाइप केली, आणि प्रत्येक ओळ रजिस्टरमध्ये बघून. ज्या अडल्या नव्हत्या, त्यांना कशाला हात लावू? त्या बिचाऱ्या आपापल्या जागी गुमान बसल्या होत्या. काम झाल्यावर मी सगळा रकाना मधोमध आणला, म्हणजे डावं-उजवं काही दिसायला नको. महिने आकड्यांऐवजी अक्षरांत येतील असं केलं. प्रिंट काढली. इतकी देखणी यादी त्या कार्यालयातून कधी निघाली नसेल. उपसचिव साहेबांनी हातात घेऊन म्हटलं, वाह, श्यामकांतजी.

मिलान केलं नाही. देवयानी त्या आठवड्यात आईच्या फिजिओथेरपीसाठी रजेवर होती, आणि मला वाटलं, तीन दिवस डोळे फोडून केलेल्या यादीचं आणखी काय मिलान करायचं. हे मी तुम्हांला सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच.

यादीत पहिलं नाव आलं राघवचं, अकाउंट्समधला मुलगा, नुकतं लग्न झालेलं. देवयानी आठवी. मला वाईट वाटलं, थोडं नवलही वाटलं, पण तारीख म्हणजे तारीख. यादी बोर्डावर लागली, आक्षेपांना दोन आठवडे दिले, शुक्रवारी मुदत संपली. एकही आक्षेप नाही. राघव तर घर बाहेरून बघूनही आला, कूलर कुठल्या खिडकीत बसेल म्हणून. मंगळवारी सकाळी साहेबांची सही झाली की हुकूम निघणार होता.

मधल्या रविवारी सकाळी नचिकेत गुडगावहून आला होता. आमचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. हेमलतानं थालीपीठं लावली होती आणि मी त्याला माझा पराक्रम ऐकवत होतो, की तुमच्या कॉम्प्युटरला मी कसा वठणीवर आणला. हेमलताचं लक्ष नव्हतं. तिचं आपलं दुसरंच चाललं होतं.

"देवयानीचं काय झालं पण? आठवी कशी ती?"

"अर्ज उशिराचा आहे तिचा. सप्टेंबरातला."

"कुठल्या सप्टेंबरातला?"

"दोन हजार वीसचा. टाळेबंदीनंतरचा."

हेमलतानं तव्यावरचं थालीपीठ तसंच सोडलं आणि माझ्याकडे वळली. "काहीतरीच काय बोलता. होळीच्या दिवशी दिला तिनं अर्ज. ऑफिसातून अर्ज देऊन थेट आपल्याकडे आली पुरणपोळीला. पावती दाखवली मला, पर्समधून काढून. त्यानंतर पंधरा दिवसांत सगळं बंद झालं आणि मग वर्षभर आपल्याकडे बाहेरचं माणूस जेवलं नाही. म्हणून तर माझ्या पक्कं लक्षात आहे."

"तुझा काहीतरी घोटाळा होतोय," मी म्हटलं.

नचिकेतनं फोनवर बघितलं. "दोन हजार वीसची होळी नऊ मार्चला होती, बाबा. यादीत तिची तारीख काय आहे?"

"तीन सप्टेंबर."

त्यानं माझ्यापुढचा पेपर ओढला आणि कडेला लिहिलं: नऊ, तिरकी रेघ, तीन. "हे तुम्ही वाचलंत तर नऊ मार्च. तो नवा कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावून ठेवलाय, बाबा. त्यांच्यात महिना आधी. तो हे वाचणार नववा महिना, तिसरा दिवस. तीन सप्टेंबर."

"मग तो अडला का नाही? बाकीच्यांना अडला ना."

"बाकीच्यांत दिवस बारापेक्षा मोठा होता. पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो अडला, ही तारीखच नाही म्हणाला. त्या तुम्ही नीट केल्यात. पण दिवस बाराच्या आत असेल तर त्याला काहीच खटकत नाही. उलटी वाचतो आणि पुढे जातो." त्यानं पेन खाली ठेवलं. "अडलेल्या सगळ्या आता बरोबर आहेत, बाबा. न अडलेल्या चुकल्यात."

मी तीन दिवस ज्यांच्यामागे लागलो होतो त्यांचा प्रश्न नव्हताच. ज्यांनी काही कटकट केली नाही त्यांना मी चांगलं समजलो आणि त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. माणसांशीही मी जन्मभर असाच वागलो असेन का, असं मनात आलं. मेजावर येऊन ओरडणाऱ्याचं काम आधी करायचं. देवयानी तर मेजावर कधी आलीच नव्हती.

"उद्याच्या उद्या नीट करा," हेमलता म्हणाली. "त्या माउलीला खाली आणा आधी."

सोमवारी आठ वाजता मी कार्यालयात हजर. झाडूवालासुद्धा आला नव्हता. कपाटातून रजिस्टर काढलं आणि एकट्यानंच मिलान केलं, स्वतःच वाचायचं आणि स्वतःच खूण करायची. त्रेसष्ट तारखा उलट्या. त्यातल्या बहुतेक खालच्या, पुढच्या वर्षांतल्या. वर्ष उलटत नाही, त्यामुळे त्यांचा धक्का आपापल्या वर्षातच. या घरापुरता प्रश्न होता तो यादीतल्या सगळ्यात जुन्या वर्षाचा, दोन हजार वीसचा, आणि त्या वर्षी टाळेबंदीमुळे अकराच अर्ज आलेले.

देवयानीची नऊ मार्च. हेमलता बरोबर होती, पावती क्रमांकासकट. राघवचा अर्ज सोळा मार्चचा, तो खरा होता. म्हणजे देवयानी त्याच्या एक आठवडा आधी. मला हायसं वाटलं. मी खूण केली आणि पुढे वाचायला लागलो.

बळवंत, डिस्पॅचमधला. यादीत एक जुलै, रजिस्टरात सात जानेवारी. आशय, दोन जून नव्हे, सहा फेब्रुवारी. चिराग, दोन नोव्हेंबर नव्हे, अकरा फेब्रुवारी. तिघेही देवयानीच्या आधीचे, तिघेही न अडलेले.

मी त्या चार नोंदी एका कोऱ्या कागदावर उतरवून काढल्या. यादी पूर्ण नीट केली तर घर बळवंतला जातं आणि देवयानी चौथी. आमच्याकडे क्वार्टर रिकामं झालं तरी तळमजल्याचं वर्षा-दोन वर्षांतून एखादंच. पण फक्त देवयानीची तारीख नीट केली, एकाच नोंदीत टंकनदोष म्हणून, तर ती राघवच्या वर जाते आणि पहिली येते. बाकीच्या तिघांनी दोन आठवडे यादी बघितली होती. कुणी तोंड उघडलं नव्हतं. आता कशाला उघडतील?

मला मोह झाला. त्याला दुसरा शब्द नाही. मी स्वतःला समजावत होतो की आधी एक नोंद नीट करू, बाकीच्या सवडीनं, पुढच्या यादीत. कुणाचं नुकसान करतोय असं मनात येऊच देत नव्हतो. बळवंतचा चेहरासुद्धा मी डोळ्यांपुढे आणला नाही. आपली पोर, आपल्या भाषेची, आपल्याला काका म्हणणारी, आणि तिची आई चार मजल्यांवर अडकलेली. माझ्या हातून झालेली चूक माझ्या हातून तिच्यापुरती तरी निस्तरू दे, असं मला झालं होतं. दुपारी हेमलताला फोन केला तेव्हा म्हटलं, होतंय काम. तिघांची नावं मी तिला सांगितली नाहीत.

एकच अडचण होती. आक्षेपाची मुदत शुक्रवारी संपलेली. आता नोंद बदलायची तर देवयानीचा आक्षेपाचा अर्ज लागणार, तिच्या हस्ताक्षरात, आणि मुदतीतला. म्हणजे मागची तारीख घालून. मी, ज्यानं आयुष्यात एका टपालावर मागची तारीख पडू दिली नाही, तो कोरे कागद आणि पॅड पिशवीत घालून संध्याकाळी पाचच्या ठोक्याला निघालो. देवयानी त्या दिवशी आईला ताप म्हणून घरीच होती. आमचं कार्यालयही आर. के. पुरममध्येच, तिथून मुनीरका जवळ, चालत गेलो.

चौथ्या मजल्यापर्यंत मला दोनदा थांबावं लागलं. माझे गुडघे साठीचे, मोडलेले नाहीत. वर पोचलो तेव्हा विठाबाई खाटेवर बसल्या होत्या, खिडकीशी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

"या या. लई दिसानं आलासा," त्या म्हणाल्या. "घरची बाई बरी हाय का?"

"बरी आहे. तुमचा ताप?"

"गेला. त्यो काय ऱ्हातोय हितं, त्यालाबी वर चढाय लागतंय." स्वतःच हसल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "त्या घराच्या दारातनं रस्ता दिसतो म्हनं? मानसं येता-जाता दिसली तरी बास हाय मला. हितं भिंतीशी बोलून बोलून तोंडाची चव गेली."

मी म्हटलं, दिसतो. खरंच दिसतो तो.

देवयानीनं चहाचं आधण ठेवलं आणि माझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, हळू आवाजात, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, विठाबाईंना फार कळू नये म्हणून. नऊ मार्च कशी तीन सप्टेंबर झाली ते सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "तू यादी बघितली होतीस ना? पावती आहे तुझ्याकडे. मग आक्षेप का नाही घेतलास?"

"तुम्ही केलेली यादी होती, काका," ती म्हणाली. "मी पावती काढून बघितली. नऊ मार्चच होती. मग वाटलं, माझाच काहीतरी कागद कमी असेल, तो सप्टेंबरात पूर्ण धरला असेल. तुमच्या हातून चुकेल असं मनातच नाही आलं."

एखादी कानाखाली बसली असती तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं पिशवीतून पॅड काढलं. "आता लिही. मी सांगतो ते. खाली सही, आणि तारीख आजची नको, अठरा घाल. उद्या सकाळी हुकूम साहेबांकडे जायच्या आधी मी लावतो."

तिनं पेन घेतलं. वळणदार अक्षरात लिहायला लागली, मी एकेक वाक्य सांगत होतो. नाव, पद, पावती क्रमांक, अर्जाची मूळ तारीख. सही करायच्या जागी आली आणि थांबली.

"माझी एकटीचीच उलटली का, काका?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तिनं विश्वास ठेवला असता, बिल्कुल ठेवला असता. पण तिनं विचारलं ते माझ्याकडे सरळ बघून, आणि मला एकदम जमेना. "नाही," मी म्हटलं. "त्रेसष्ट आहेत."

"माझ्या वरचे?"

"तिघं. बळवंत, आशय आणि चिराग."

"मग सगळी यादी नीट केली तर घर बळवंत भैयाला जातं."

"जातं. पण सगळी यादी आजच करायला पाहिजे असं कुठे आहे? तुझी एक नोंद आत्ता..."

तिनं पेनला टोपण लावलं. तेवढा आवाजसुद्धा मला ऐकू आला. आणि मला राग आला, सांगायला लाज वाटते पण आला. इतके मजले चढून, तीस वर्षांचं इमान पिशवीत घालून मी आलो होतो आणि ही पोर टोपण लावत होती. "आईकडे बघ जरा," मी म्हटलं. "तिनं या भिंतीकडे बघत दिवस काढायचे का? तुझ्या तत्त्वापायी?"

"बळवंत भैया नांगलोईहून येतात रोज," ती म्हणाली. "दोन-दोन तास. बायको, दोन मुलं, आई. त्यांच्या आईलाही मी ओळखते, काका, त्या डबा द्यायला येतात कधी कधी." मग ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मला जरा जोरात म्हणावं न लागता ऐकू आला. "तुम्ही मला का विचारायला आलात? सगळी यादी नीट करून टाकायची होती ना सकाळीच. मी चौथी आहे असं बोर्डावर वाचलं असतं, रडले असते, संपलं असतं. आता तुम्ही घर माझ्या हातात आणून दिलंत आणि ते मीच परत करायचं. आईसमोर बसून. हे का केलंत तुम्ही?"

उपकार करायला आलोय असं मला वाटत होतं. तिनं सरळ दाखवून दिलं की मी माझं ओझं उतरवायला आलो होतो, आणि तेही तिच्या सहीवर. तिनं तो कागद दुमडला, फाडला नाही, आणि माझ्या पॅडखाली सरकवला. मी तो पिशवीत टाकला. उद्या सकाळी साहेबांपुढे काय ठेवायचं ते तिथे सतरंजीवरच ठरलं. सगळी यादी, त्रेसष्टच्या त्रेसष्ट, आणि खाली माझं नाव. पण तेव्हा मला त्याचं काही समाधान वाटलं नाही. खिडकीशी बसलेल्या बाईंकडे बघायची हिंमत होत नव्हती.

विठाबाईंना शब्द कळले नसतील, पण लेकीचा चढलेला आवाज कळला होता. त्या खाटेच्या कडेला सरकल्या. "काय झालं गं? घराचं काय म्हनत्यात? गावलं का?"

देवयानीनं एकदा माझ्याकडे बघितलं. "नाही, आई. आपला नंबर चौथा आहे."

"चौथा?"

"हो. काकांनी रजिस्टर काढून बघितलं. पक्का चौथा."

विठाबाईंनी बोटांवर मोजलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "आगं, परवा तर तू आठवा म्हनत हुतीस. म्हंजी तिघंच की आता आपल्या म्होरं." त्या माझ्याकडे वळल्या आणि दोन्ही हात जोडले. "आठवरनं चारवर आनलं तुमी. लई उपकार झालं बघा. ह्या गावात आपलं मानूस असल्याबिगर कुनाचं काम हुत न्हाई, मी म्हनतच हुते हिला."

"तसं नाही हो," मी म्हटलं.

"आसं कसं न्हाई. देवे, तोंड गोड कर त्यांचं. साखर ठेव हातावर."

देवयानी उठली. आधण उकळून आटून गेलं होतं, तिनं गॅस बंद केला. फळीवरचा डबा काढला, चमचाभर साखर घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. विठाबाई बघत होत्या. मी हात पुढे केला.